मदत हवी आहे: 22 मुलांचे गणवेश, शाळा उघडायच्या आत

प्रश्न (घणसोली)
दिघ्यातल्या वस्तीतल्या 22 मुलांना गणवेश द्यायचे आहेत. 9 जण महापालिकेच्या शाळेत, सगळे आठवीच्या आतले. 13 खासगी अनुदानित शाळांत, त्यातले चौघे नववी-दहावीचे. पालक नाका कामगार नाहीतर घरकाम करणारे. सोसायटीत वर्गणी जमतेय. रोख द्यावी, तयार घ्यावेत की शिवून घ्यावेत? हातात सहा आठवडे आहेत.

उत्तर (ऐरोली)
आधी ते 9 जण वेगळे काढा. सरकारी आणि पालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीला गणवेश मोफत असतो; समग्र शिक्षा योजनेत मुलामागे 2 जोडांसाठी वर्षाला 600 रुपये धरलेले आहेत. वर्गणीची खरी गरज त्या 13 जणांना. अनुदानित म्हणजे शिक्षकांचा पगार सरकारचा, गणवेश पालकांच्या खिशातून. देणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही आणि नेमकी हीच मुलं सुटतात.

पालिकेकडून पैसे खात्यात येणार असतील तर आत्ताच एक बघा. आधार खात्याला लिंक असणं वेगळं आणि थेट लाभासाठी सीडिंग (सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद) झालेलं असणं वेगळं. मायआधारच्या संकेतस्थळावर सीडिंगची स्थिती दिसते. झालेलं नसेल तर बँकेत संमतीपत्र भरावं लागतं. वर्षानुवर्षं व्यवहार नसल्यामुळे खातं बंद पडलेलं असतं, तेही तपासा. केवायसी पुन्हा द्यावी लागते.

उत्तर (कळवा)
13 जणांचे शिवूनच घ्या, उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून कापड घेऊन. शाळेतून जुन्या गणवेशाचा तुकडा आणा आणि रंग दुकानाबाहेर उजेडात जुळवा. नेव्ही ब्लू एका ताक्याचा (कापडाच्या गुंडाळीचा) दुसऱ्याशी जुळत नाही, म्हणून एका शाळेचं सगळं कापड एकाच ताक्यातून फाडून घ्या. दहा वर्षांच्या मुलाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला 36 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) दीड मीटर लागतं, फुल पँटला 58 इंची पन्ह्याचं एक मीटर. टेरिकॉटच (सूत आणि पॉलिएस्टर मिश्र कापड) घ्या. निव्वळ सुती कापड आटतं आणि पावसाळ्यात एका रात्रीत वाळत नाही.

मापं वयावरून कधीच घेऊ नका, अंगावरूनच घ्या. छातीला 4 इंच सैल. कुशीच्या (शर्टाच्या बाजूच्या) शिलाईत इंचभर माया (जास्तीचं कापड) आणि पँटच्या पायाला आतून अडीच इंच दुमड ठेवायला शिंप्याला बजावून सांगा. दिवाळीनंतर तीच दुमड उसवून पाय लांब करता येतो. नाही सांगितलं तर कापड वाचवायला तो अर्ध्या इंचाची दुमड घालतो आणि पँट वर्षभरात घोट्याच्या वर जाते. आसनाला (बैठकीच्या जागी) दुहेरी टीप हवीच, पँट पहिली फाटते ती तिथे.

प्रश्न (घणसोली)
शाळा म्हणते, आमच्या ठरलेल्या दुकानातूनच घ्या. आणि जुने गणवेश चालतील का?

उत्तर (ऐरोली)
मुख्याध्यापकांना लेखी विनंती द्या: कापड आणि रंग तोच राहील, खिशावरचा बिल्ला फक्त सुटा द्यावा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

उत्तर (कळवा)
जुने चालतील, पण दुसरा जोड म्हणून. कॉलरची घडी, बगल आणि गुडघा उजेडासमोर धरा. पलीकडचं दिसायला लागलं तर बाजूला ठेवा. वाटप मैदानात, फोटो काढून नको. पिशवीवर नाव लिहून संध्याकाळी घरी पोचवा. मुलाला तिथेच घालून बघू द्या, सुई-दोरा आणि जास्तीची बटणं सोबत असू द्या.