अनुभव धागा: हॉस्टेलचे पहिले दिवस, रॅगिंग आणि आपण

भिंगरी:
परवा लेकीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाचे कागद जमवत बसले होते. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, टीसी, आणि त्यात ते रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र. एक मुलीचं, एक पालकाचं, ऑनलाइन भरायचं. पालकाच्या रकान्यात माझं नाव टाकलं आणि पुढे काही लिहवेना.

मी १९९६ च्या बॅचची. नागपुरातलंच एक मुलींचं हॉस्टेल. पहिल्या वर्षी सगळ्यांचं व्हायचं ते माझंही झालं. डोक्यावर चपचपीत तेल, दोन वेण्या, ओढणीला दोन्हीकडे पिना, नजर जमिनीवर, सीनियरला 'मॅडम'. महिनाभर. घरी एसटीडीवरून काही सांगितलं नाही, मागे रांग आणि समोर मीटर पळतंय, काय सांगणार.

पण मला ते सांगायचं नाहीये. दुसऱ्या वर्षी मी पलंगावर बसलेल्यांत होते. गडचिरोलीकडची एक मुलगी आली होती, गप्प गप्प, हुशार. आमच्यातली एक म्हणाली, "आकाशवाणीसारख्या बातम्या दे, शुद्ध मराठीत." ती उभी राहिली, घसा साफ केला, आणि दुसऱ्याच वाक्यात 'मले' आलं. आम्ही हसून लोळलो. मग जेवणानंतर रोज बातम्या. आम्ही पाचहीजणी घरी 'मले-तुले'च बोलायचो, माझ्या आजीला तर दुसरं काही येतच नव्हतं.

हात लावला नाही, शिवी दिली नाही. दिवाळीच्या आधी ती नाव काढून गेली.

तुमचं लिहा. झालेलं, पाहिलेलं, आणि केलेलंसुद्धा.

काडीपैलवान:
माझी खोली: लांबी ८७ काड्या, रुंदी ७३. आगपेटीतल्या एका काडीनं मोजायची, काडी मोडली की पहिल्यापासून. तीस वर्षं झाली, बायकोचा मोबाइल नंबर पाठ नाही पण हे पाठ आहे.

तर्रीवाला:
६३५१ चौरस काड्या. क्षेत्रफळ नाही विचारलं का बे?

काडीपैलवान:
विचारलं ना! तोंडी! चुकलं म्हणून कोंबडा.

मिनीड्राफ्टर:
आमच्यावेळी जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, दुसऱ्याचं ड्रॉइंग काचेवर ठेवून उतरवायचं. ज्यांनी इंजिनीअरिंग केलं त्यांना सांगायला नको. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली साठचा बल्ब, वर सीनियरच्या मित्राची शीट, त्यावर कोरी शीट, आणि टूएच पेन्सिल घेऊन आपण. ऑक्टोबरचा महिना. पंखा लावायचा नाही, शीट उडते. काच इतकी तापायची की मनगट टेकवता येत नव्हतं, मी खाली रुमालाची घडी ठेवायचो. घामाचा थेंब शीटवर पडला की नवीन शीट, तीही आपल्या पैशानं. सहा सीनियरांचं सबमिशन काढलं, माझ्या स्वतःच्या दोन शीट रिपीट झाल्या. सरांनी विचारलं, काऊन रे, झोपला होता का? हो म्हटलं.

संथनागनदी:
वाचून राहिलो सगळं. पण थोडं तर चालतंच ना हो. मला ज्यानं कोंबडा केला त्याच सीनियरनं पुढे बुटीबोरीत पहिली नोकरी लावून दिली. ओळख त्यातूनच होते. आजकाल पोरं एकमेकांचं नावही विचारत नाहीत.

मिनीड्राफ्टर:
नोकरी त्यानं कोंबडा न करताही लावली असती. ओळख करायची तर चहा पाज ना भाऊ.

वकीलबाई:
कोर्टातून लिहितेय, तारीख पुकारायची आहे, थोडक्यात. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. त्यातली व्याख्या नीट वाचा. मारहाण तर आहेच, चिडवणं आणि थट्टामस्करीही आहे, आणि 'जे विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही' असं काही करायला लावणं हेसुद्धा आहे. भिंगरीताई, म्हणजे तुमच्या बातम्या त्यात बसतात. काड्याही बसतात. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. दोषी ठरला तर कॉलेजातून काढतात आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही.

लोकांना माहीत नसलेला भाग पुढचा. लेखी तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. तक्रार दाबून ठेवली तर त्यानं गुन्ह्याला साथ दिली असं कायदा धरतो. प्राचार्यांना हे कलम वाचून दाखवलं की आवाज एकदम खाली येतो, स्वानुभव.

संथनागनदी:
थट्टामस्करीपण?? मग तर माझी अर्धी बॅच आत.

तर्रीवाला:
तू पहिला.

दुसरंवर्ष:
मी आत्ता कॉलेजात आहे, म्हणून लिहितो. हॉस्टेलात आता कॅमेरे, पोस्टर, सगळं आहे. तिथे कोणी काही करत नाही. होतं ते ग्रुपांमध्ये. नाटकाचा, ढोलताशाचा, फेस्टच्या कमिटीचा. तिथे त्याला रॅगिंग म्हणतच नाहीत, 'ग्रुपात घेणं' म्हणतात. कोणी जबरदस्ती करत नाही, फक्त नाही म्हटलं की तुम्हाला रोल मिळत नाही.

आमची नाटकाची बॅच रात्री अकराला फुटाळा तलावावर नेली. फोन एका पिशवीत जमा. पहिले अनोळखी लोकांसमोर जाऊन डायलॉग म्हणायचे, ते ठीक होतं, मजा आली. मग सेमिनरी हिल्सचा चढ पळत. एकाला दमा होता. त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर नाटक करत आहे म्हणाले असते. तो रस्त्याच्या कडेला बसला आणि त्याचा पंप फोनसोबत त्या पिशवीत. पिशवी खाली गाडीच्या डिकीत. आणायला किती वेळ लागला माहीत नाही, मला तरी तासभर वाटला.

भिंगरी:
बरा आहे ना तो?

दुसरंवर्ष:
हो हो. नाटक सोडलं त्यानं. यंदा आम्ही सीनियर झालो तेव्हा ग्रुपवर भांडण झालं, अर्धे म्हणे परंपरा आहे, आम्ही सहन केलं मग हे का नाही करणार. तिघं अडून बसलो. आता नवीन पोरं पहिल्या दिवशी सेटच्या फळ्या उचलतात, पण आम्हीपण दुसरं टोक धरतो. दोन सीनियर नाराज होऊन गेले. जाऊ दे.

तर्रीवाला:
शाब्बास. पोहे माझ्याकडून. सकाळी ये, साडेआठनंतर तर्री पातळ होते.

काडीपैलवान:
कुठे? मेडिकल चौकात का?

तर्रीवाला:
पत्ता सांगितला तर गर्दी होते ना बाप्पा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनारेक्टर:
मी अठरा वर्षं मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो, आता निवृत्त. टाईप हळू करतो, चूकभूल द्यावी.

तक्रारपेटीत मला अठरा वर्षांत दोन चिठ्ठ्या मिळाल्या. एक होती मेसच्या डाळीबद्दल. मला जे कळलं ते मेसच्या महाराजांमुळे. एकदा ते म्हणाले, "सर, पहिल्या वर्षाची पोरं सव्वादहाला येतात, भांडी घासताना. पोळ्या गार झालेल्या असतात तरी तेव्हाच येतात." मेस साडेसातला सुरू व्हायची. मी त्याच दिवसापासून साडेआठला माझं ताट घेऊन मेसमध्ये बसायला लागलो. मेसमध्ये कोणी कोणाला काही करत नाही, पण तिथून उठल्यावर कोण कोणाला कुठे बोलावतं ते कळतं. जिन्यातला बल्ब सारखा जायचा, तो जात नव्हता, काढला जायचा. जाळी लावून घेतली.

रात्री साडेदहा ते एक, हेच अडीच तास. त्या वेळात रोज वेगळ्या वेळी फेरी. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २००९ चे नियम आले त्यात पहिल्या वर्षाची मुलं शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असं आहे. ते चांगलंच झालं. पण ते नियम कशामुळे आले हे विसरू नये. त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलमध्ये अमन काचरू हा वैद्यकीयचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीत गेला. एकोणीस वर्षांचा होता.

एका मुलाला मी काढलं होतं. त्याच्या वडिलांनी माझे पाय धरले. तो मुलगा चांगला होता हो. पहिल्या वर्षी तोच सव्वादहाला जेवायला यायचा.

मनीषनगरची_आई:
सर 🙏

माझा मुलगा पुण्याला आहे, पहिलं वर्ष. रोज फोन करायचा, आता पंधरा दिवस झाले, 'बिझी आहे' म्हणतो. रात्री बारानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर ऑनलाइन दिसतो. केस एकदम बारीक कापले. मी उगाच घाबरून राहिले का?

दुसरंवर्ष:
काकू, सीनियर रात्रीचे ग्रुप बनवतात, व्हिडिओ कॉल, कॅमेरा चालू ठेव, इंट्रो दे, हे कर ते कर. डिलीट करायला लावतात. त्याला सरळ रॅगिंग होतं का असं नका विचारू, नाहीच म्हणेल. रात्री मेसला कोणासोबत जातो, ते विचारा.

वकीलबाई:
तारीख मिळाली, पुढची. देशभराची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. तुम्ही पालक म्हणूनही करू शकता. त्याला मेसेज डिलीट करू नको, स्क्रीनशॉट काढून तुम्हाला पाठव म्हणा.

मनीषनगरची_आई:
शनिवारी जाऊनच येते. चिवडा न्यायचं निमित्त आहे.

संथनागनदी:
वहिनी, चिवडा दोन डबे न्या. एक रूममेटांना. रूममेट जास्त बोलतात.

मिनीड्राफ्टर:
हे मात्र खरं बोललास.

काडीपैलवान:
भिंगरीताई, त्या मुलीचं पुढे काय झालं? शोधलं नाही का कधी? आता फेसबुकवर सगळे सापडतात.

भिंगरी:
नाव आठवतं, इथे लिहिणार नाही. दोनदा शोधलं, त्या नावाच्या खूप आहेत. सापडली तर काय लिहू, ते ठरलं नाही म्हणून तिसऱ्यांदा शोधलं नाही.

ती गेली त्या दिवशी गेटवर मीच होते. तिची पत्र्याची ट्रंक होती, हिरवी, झाकणावर पांढऱ्या रंगानं तिच्या वडिलांचं नाव आणि गाव. सायकलरिक्षावर चढत नव्हती तिला एकटीला, म्हणून मी दुसरीकडून धरली. वर ठेवली. ती म्हणाली, "थँक यू मॅडम." नजर खाली ठेवूनच.

मिनीड्राफ्टर:
...

वकीलबाई:
प्रतिज्ञापत्र झालं का भरून, लेकीचं?

भिंगरी:
तिचं झालं. माझं अडलंय, ओटीपी येऊन नाही राहिला.

तर्रीवाला:
गच्चीवर जाऊन पाहा. बीएसएनएल आहे का?