अनुभव धागा: चोरीचा आळ घेऊन कामावरून काढलं, पुढं काय केलंत?

माझ्या मावसभावाला कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून काढलं. गनमेटलचे (तांब्याच्या मिश्रधातूचे) बुश मोजणीत कमी भरले आणि रात्रपाळीला हा होता, एवढाच आधार. "उद्यापास्नं येऊ नकोस." कागद नाही, चौकशी नाही. तुमच्यावर किंवा घरात कुणावर असं आलं असेल तर सविस्तर लिहा. कंपनीचं नाव नको.

शिरोली, फौंड्री कामगार
मला आधी निलंबित केलं, मग कंपनीची चार्जशीट (आरोपपत्र). चौकशीत वॉचमनचा लेखी जबाब वाचून दाखवला, वॉचमनला काही बोलावलं नाही. मी अर्ज दिला: त्याला समोर आणा, मला प्रश्न विचारायचेत, आणि गेटचं रजिस्टर दाखवा. नकार मिळाला. तो नकार प्रोसिडिंगमध्ये (चौकशीच्या नोंदीत) लिहून घेतल्याशिवाय मी सही केली नाही. कामगार न्यायालयात चौकशी अयोग्य ठरली ती त्याच कागदावर. पण तिथं संपत नाही. चौकशी रद्द झाली तरी कंपनी कोर्टासमोर नव्यानं पुरावा देऊ शकते, आणि तसा दिलाही. वॉचमन उलटतपासणीत म्हणाला, "पिशवी मी उघडून बघितली नव्हती." मला परत कामावर घेतलं, मधला पगार निम्मा मिळाला. काढलं तेव्हा थोरली बालवाडीत होती, निकाल लागला तेव्हा सहावीत. एवढा दम धरायची तयारी ठेवा.

राजारामपुरी
मुदतीचं बघा आधी. खोट्या कारणानं किंवा धड चौकशी न करता काढलं तर महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करता येते, ती 90 दिवसांत. "थांब, साहेब घेतील परत" म्हणत हेच दिवस घालवतात. दुसरी वाट कामगार आयुक्त कार्यालयात समेटाचा अर्ज. त्या वाटेनं कोर्टात जायला पूर्वी 3 वर्षं होती. 21 नोव्हेंबर 2025 ला नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाल्यापासून समेटाला 2 वर्षं.

गुजरीत (सराफ बाजारात) सेल्सला होते
चेन हरवली. मागच्या खोलीत बसवलं, मोबाईल काढून घेतला, कोरा कागद पुढं केला. "चूक झाली म्हणून लिहा ताई, पोलिसांत देत नाही." मी म्हटलं, द्या पोलिसांत, तिथंच सांगते. राजीनामाही लिहिला नाही. दुकानात हाताखाली कुणी नसलेली माणसंही कामगारच धरतात, हे वकिलांनी सांगितलं. वकील फुकट मिळाले, कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून. बाईमाणसाला आणि औद्योगिक कामगाराला तिथं उत्पन्नाची अट नाही. नोटीस गेल्यावर थकलेला पगार आणि अनुभवाचं पत्र मिळालं. ते पत्र मला पैशापेक्षा मोठं होतं. गुजरीत सगळे सगळ्यांना ओळखतात.

गोकुळ शिरगाव, स्टोअर
मी सुपरवायझर, त्यामुळं कामगार न्यायालयात "हा कामगारच नव्हे" हा मुद्दा आला आणि टिकला. नोकरी गेली ती गेलीच. पण पीएफ चोरीच्या संशयावर अडवता येत नाही. ग्रॅच्युइटी जप्त करायची तर तुमचं म्हणणं ऐकून लेखी आदेश काढावा लागतो. तसा आदेश नव्हता, म्हणून व्याजासह वसूल केली.

कागल
माझ्यावर गुन्हाही दाखल होता. निर्दोष सुटलो, पेढे वाटले, आणि कंपनीनं तरीही घेतलं नाही. फौजदारी खटला वेगळा, खात्यांतर्गत चौकशी वेगळी. चौकशीत पुरावा कमी असला तरी चालतो. सुटल्यावर अर्ज करू असं ठरवून थांबू नका, दोन्ही एकाच वेळी लढा.