मदत हवी आहे: १९९२च्या गाडीचा आपोआप सरकणारा सीटबेल्ट अडकलाय

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. माझ्या जुन्या सेडानला एअरबॅग नाही. त्याऐवजी, त्या काळी अमेरिकेत मान्य असलेले, मोटरने सरकणारे सीटबेल्ट आहेत. दार लावून किल्ली फिरवली की खांद्याचा पट्टा दारावरच्या रुळातून मागे सरकतो. कमरेचा मात्र हातानेच लावायचा.

थंडी सुरू झाल्यापासून ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा पुढे काचेपाशीच अडकून बसतो. मोटरची घरघर ऐकू येते, पण पट्ट्याचं टोक धरून रुळातून सरकणारी क्लिप जागची हलत नाही. फ्यूज ठीक आहे, शेजारच्या सीटचा पट्टाही व्यवस्थित चालतो. म्हणजे मोटरच्या जोरावर क्लिप ओढणारी रुळातली दातेरी प्लास्टिकची पट्टी तुटली असावी. ती कुणी बदलली आहे का? भंगारातल्या गाडीची काढून बसवली तर टिकते का?

मेकॅनिक म्हणतो, खांद्याचा काढून टाका, कमरेचा पुरे. मला हे अजिबात पटत नाही. एअरबॅग नसताना छाती-डोकं सावरायला दुसरं आहे काय? त्यापेक्षा क्लिप मागच्या टोकाला नेऊन, मोटरची वायर काढून, तिथेच पक्की ठेवली आणि दाराकडच्या इमर्जन्सी बकलने (आणीबाणीत पट्टा सोडवण्यासाठी असतं ते) पट्टा रोज हाताने लावला तर? क्लिप तिथे नीट लॉक झाली हे कसं तपासायचं? तोवर गाडी उभीच ठेवली आहे.