मदत हवी आहे : ३६व्या आठवड्यात बाळाच्या हालचाली बदलल्या आहेत

सर्वांना नमस्कार. माझी ही पहिलीच खेप असून सध्या ३६वा आठवडा सुरू आहे. आतापर्यंत रात्रीचे जेवण आटोपून मी आडवी झाले, की उजव्या बरगडीखाली अशा लाथा बसत, की पोटावर ठेवलेला मोबाईलसुद्धा हलत असे; गेल्या आठवड्यापासून मात्र त्याऐवजी पोटाचा एक भाग हळूच वर येऊन सरकल्यासारखा वाटतो. परवा संध्याकाळी डाव्या कुशीवर पडून मोजले, तेव्हा दोन तासांत सहाच हालचाली भरल्या, म्हणून आम्ही रात्रीच दवाखाना गाठला. पोटाला पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या हृदयाचे ठोके नोंदवणारी तपासणी, केली. बाळाचे ठोके व गर्भजल दोन्ही व्यवस्थित आहेत. शेवटच्या आठवड्यांत हालचालींचे स्वरूप बदलू शकते, पण त्या कमी होता कामा नयेत, आणि पुन्हा तसे वाटल्यास सकाळची वाट न पाहता यावे, असे डॉक्टरांनी बजावले आहे.

घरातील वडीलधारी मंडळी मात्र, अर्थात मायेपोटीच, म्हणतात की दिवस भरत आले की बाळ शांत होतेच. मला हे पटत नाही.

माझी वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असल्याने हळुवार हालचाली नीट कळत नाहीत. ज्यांची वार अशीच होती, त्यांनी त्या कशा ओळखल्या? नोकरी सांभाळून रोजची नोंद कशी ठेवली? आणि पुन्हा रात्री निघायची वेळ आली, तर सासूबाईंना न दुखावता हे कसे समजवावे?