खुब्याची दुर्बीण-शस्त्रक्रिया: आधी तीन महिने फिजिओ, की सरळ टेबलावर?

कबड्डीवेडा
भाचा 23 वर्षांचा, चढाईपटू. आठ महिने उजवी जांघ दुखतेय. नक्की कुठे, असं विचारलं की अंगठा मागे आणि बोटं पुढे जांघेत रुतवून अख्ख्या पंजात खुबा धरून दाखवतो. जेवायला मांडी घालून बसला की पाचव्या मिनिटाला पाय लांब करतो. एमआरआयमध्ये लॅब्रम (खुब्याच्या उखळीच्या काठाची गादी) फाटलेलं निघालं आणि त्याच भेटीत सांगण्यात आलं, "दुर्बिणीतून शिवून घेऊ, हाडाचा उंचवटाही घासून काढू." फिजिओचा विषयही निघाला नाही.

मला हे पटत नाही. काहीच दुखत नसलेल्या कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्येही ही फाट दिसते. 2018 साली 'लॅन्सेट'मध्ये ब्रिटनमधली चाचणी आली होती: 23 रुग्णालयं, 348 रुग्ण, साधारण निम्म्यांना शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना फिजिओ. वर्षभरात दोन्ही गट सुधारले. शस्त्रक्रियेचा गट पुढे राहिला, पण खुब्याबद्दलच्या प्रश्नावलीत 100 पैकी 6.8 गुणांनी. तेवढ्यासाठी पोराला पहिल्याच भेटीत टेबलावर घ्यायचं?

घाटधाव
पूर्ण असहमत. 6.8 ही सरासरी आहे. 2019 साली 'बीएमजे'मध्ये आलेल्या दुसऱ्या ब्रिटिश चाचणीत जाणवण्याइतकी सुधारणा झालेले किती, ते बघा: शस्त्रक्रियेत 51 टक्के, फिजिओत 32. शिवाय तुमच्या 'लॅन्सेट'च्या चाचणीतला फिजिओ म्हणजे कागदावर काढून दिलेले चार व्यायाम नव्हेत. प्रत्येकासाठी आखलेला, सहा ते दहा भेटींचा कार्यक्रम होता तो. आपल्याकडे तसा कितींना मिळतो?

मी दीड वर्ष मनापासून व्यायाम केला. मांड्या मजबूत झाल्या, पण उंचवटा जिथल्या तिथे. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन गान्झ यांनी 2003 मध्ये मांडलं ते हेच: गुडघा छातीकडे आला की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा तो फुगवटा उखळीच्या काठावर आदळतो, आणि वर्षानुवर्षं आदळून कुर्चा सोलवटते. दार चौकटीला घासत असेल तर बिजागरीला तेल घालून भागत नाही, रंधाच मारावा लागतो. माझं ऑपरेशन झालं, तीन आठवडे कुबड्या होत्या. आज स्वतःच्या हाताने मोजा घालतो. आधी तेवढ्यासाठी बायकोला हाक मारावी लागायची.

कबड्डीवेडा
तुमचं बरं झालं याचा आनंद आहे. पण 51 टक्के म्हणजे उरलेल्या 49 जणांना तेवढा गुण आलाच नाही. आणि तुम्ही दीड वर्ष दिलंत. भाच्याला तीन महिनेही मिळू नयेत?

शिसेजॅकेट
अकरा वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना पडद्यावर एक्स-रे दाखवणारं यंत्र) चालवतोय, म्हणून लिहितो. तुम्ही दोघं "शस्त्रक्रिया" असं म्हणताय जणू ती सगळीकडे एकच आहे.

गुडघ्यात दुर्बीण सहज जाते. खुबा मात्र खोल आणि घट्ट. पाय यंत्राला बांधून, पडद्यावर बघत, सांध्यात सेंटिमीटरभर फट पडेपर्यंत ओढतात. ओढ लागल्यापासून आमचं एकाचं लक्ष घड्याळावर असतं, दोन तासांच्या आत पाय सोडायचाच. ओढीबरोबर अंग सरकू नये म्हणून जांघेत लावलेल्या खांबाचा दाब नसेवर आला तर गुप्तांगाजवळ काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. हल्ली काही ठिकाणी खांबाशिवाय, टेबल डोक्याकडे कलतं करून, रुग्णाच्या वजनानेच अंग जागेवर धरून ओढ देतात. पहिली लांब सुई माझ्या चित्राच्या भरवशावर जाते, कॅमेरा त्यानंतर. तिथे हात चुकला तर जे शिवायला आलो तेच लॅब्रम टोचलं जातं.

आणि घासायचं किती? कमी घासलं तर दुखणं राहतं. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं ते नेहमीचं कारण. जास्त घासलं तर हाडाची मान कमजोर होऊन मोडू शकते. पूर्वी लॅब्रमचा फाटका भाग कापून टाकत, आता हाडात छोटे अँकर बसवून शिवतात. आत शिरायला उघडलेली सांध्याची पिशवी शेवटी टाके घालून बंद करतात की नाही, हे कोणी विचारतच नाही. ती उघडी राहिली तर काहींचा खुबा डगमगतो. कबड्डीत पाय फाकवून खेळणाऱ्याने हे आधी विचारावं.

ओलीमाती
टेनिसपटू अँडी मरेचं काय? जानेवारी 2018 मध्ये मेलबर्नला खुब्याचं ऑपरेशन, आणि पुढच्याच जानेवारीत लंडनमध्ये धातूचं आवरण बसवायची वेळ. मला तर दुर्बिणीची भीतीच बसली.

घाटधाव
एका खेळाडूवरून कसं ठरवणार? झिजलेल्या सांध्याला दुर्बीण पुरत नाही, हे सर्जनच सांगतात. एक्स-रेत सांध्याच्या हाडांमधली फट 2 मिलिमीटरच्या खाली गेली की बहुतेक जण हात लावत नाहीत. 23 वर्षांच्या मुलाची कुर्चा शाबूत असेल, आणि ती वाचवायची वेळ हीच आहे.

शिसेजॅकेट
शाबूत आहे की नाही, ते बघितलंय का कोणी? उखळ मुळात उथळ असेल तर काठ घासणं म्हणजे उरलासुरला आधार काढून घेणं. तिथे इलाज वेगळा, मोठ्या छेदाने उखळीचं हाड कापून तिची दिशा बदलण्याचा. एमआरआयच्या आधी उभं राहून काढलेला कमरेचा साधा एक्स-रे मागा.

कबड्डीवेडा
फाईल उघडून बघितली. एमआरआयच्या चार पानांच्या अहवालात फाटेचं वर्णन आहे, उखळीच्या खोलीचा कोन कुठेही नाही. एक्स-रे काढलेलाच नाही. परवा काढून घेतो. फिजिओची पहिली भेट सोमवारी ठरवली आहे, आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलायला आजच फोन केला.