कळलावीचा कंद कुंडीत कसा लावावा?

रोपवाटिकेतून कळलावीचा दोन फाटे असलेला कंद आणला आहे. तो उभा लावावा की आडवा, आणि वेल सुकल्यावर पाणी चालू ठेवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद: आडवाच लावावा, साधारण दोन इंच खोल. कोंब फाट्याच्या टोकाशी असलेल्या डोळ्यातूनच फुटतो आणि ते टोक अतिशय ठिसूळ असते, म्हणून वरची माती दाबू नये. पानांची टोकेच तणावे होऊन आधाराला विळखा घालतात. त्यामुळे काटक्या बारीक असाव्यात आणि त्या कंद लावतानाच रोवाव्यात.

प्रतिसाद: वेल सुकली की पाणी थांबवावे, कारण सुप्तावस्थेतला कंद ओलीत कुजतो.

प्रतिसाद: या कंदात कोल्चिसीन हे जहाल विष असते. घरात लहान मुले असल्यास कुंडी त्यांच्या हाती लागेल अशी मुळीच ठेवू नये.