बी विंगचा वास आणि पंप रूमचं सागवान

चौधरी काकू (बी-३०१): कुणा एकाला उद्देशून नाही, पण तिसऱ्या मजल्यावर आजपण दुपारी १ ते ४ कटर चालू होता. वरून तो वास. डोळ्यांची आग होतेय, ह्यांचा खोकला रात्रभर थांबला नाही. वैशाखात खिडक्या लावून बसायचं का आम्ही? आणि कूलर लावावा तर कूलरच तो वास आत ओढतो.

पवन (बी-३०२): काकू, तिसऱ्या मजल्यावर काम फक्त माझंच चालू आहे 🙏

चौधरी काकू: समजलं ना मग.

पवन: घरात लग्न आहे, सगळ्यांना माहीत आहे. सुतार पार्टी महिनाअखेर गावी जाणार. थोडं सांभाळून घ्या.

चौधरी काकू: पत्रिका अजून आली नाही आमच्याकडे.

जिभाऊ (सी-२०१): पत्रिकेला पण पॉलिश चालू असेल काकू 😂

पाटील साहेब, सेक्रेटरी (ए-४०१): सर्व सभासदांना नम्र विनंती. दुपारी २ ते ४ कोणतेही आवाजाचे काम करू नये. पॉलिश, थिनर वगैरे काम करताना पॅसेजचा दरवाजा बंद ठेवावा. सहकार्य अपेक्षित.

नाना (ए-१०१): सगळं ठीक. पंप रूमच्या मागे वाड्याचं सागवान पडेल शे. त्यानं काय करानं ते सांगा.

पाटील साहेब: नाना, इथला जुना वाडा पाडला त्या लाकडाचा विषय वेगळा आहे. आत्ता वासाचा विषय चालू आहे.

भावसार मॅडम (सी-४०२): पवन, राग मानू नकोस, पण काकू उगाच बोलत नाहीत. इथे वास दोन आहेत. थिनर आणि पॉलिशचा जो डोक्यात जातो तो काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उडून जातो. दुसरा बोर्डातल्या डिंकाचा. एमडीएफ (लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड), पार्टिकल बोर्ड आणि साधा प्लाय बहुतेक युरिया फॉर्माल्डिहाइडनं चिकटवतात. त्यातून फॉर्माल्डिहाइड वायू महिनोन्‌महिने सुटत राहतो, आणि उष्णता वाढली, दमटपणा वाढला की जास्त सुटतो. म्हणजे आपला मे आणि कूलर, दोन्ही त्याच्या सोयीचे. डोळे चुरचुरणं, घसा धरणं हे त्याचंही लक्षण असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच त्याला माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत टाकलंय. घाबरवत नाही. पण लग्नाच्या आठवड्यात नव्या कपाटांच्या खोलीत लहान मुलांना झोपवू नकोस.

पवन: मॅडम आता सगळं बसवून झालंय हो. आधी सांगायचं ना.

भावसार मॅडम: आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

वाणी शेठ (सी-३०१): मॅडम, सगळ्या प्लायला एका मापानं मोजू नका. आयएस ७१० (सरकारी मानकाचा नंबर) लिहिलेला मरीन प्लाय फिनॉलच्या डिंकाचा असतो, त्यातून फारच कमी सुटतं. एमडीएफमध्येसुद्धा ई-वन, ई-झिरो असा कमी वायू सुटण्याचा शिक्का बघून घेता येतो. पवनला मी हेच दाखवलं होतं. त्यानं बाहेरून बिनशिक्क्याचा माल आणला. कुठून आणला ते मी विचारलं नाही आणि विचारणार पण नाही.

पवन: शेठ, तुमचा भाव ऐकून बाहेर गेलो.

वाणी शेठ: भाव मालाचा असतो.

जिभाऊ: आणि माल भावाचा. चला, चहा घ्या दोघं.

स्नेहल (ए-२०२): पवन दादा, अजून उपाय आहे. सगळ्यात जास्त वायू बोर्डाच्या कापलेल्या उघड्या कडांमधून सुटतो. कपाटाच्या आतल्या आणि मागच्या कडा सुतार तशाच सोडून देतात. त्या सगळ्या एज बँड (कडेची पट्टी) लावून किंवा लॅमिनेटनं बंद करून घ्या. ड्रॉवर, शटर आठ-दहा दिवस उघडे ठेवा, आणि पहाटे हवा थंड असते तेव्हा खिडक्या समोरासमोर उघडा. उरलेल्या पॉलिशला पाण्यावर चालणारं घ्या, थिनर लागणार नाही.

पवन: हे बरं सांगितलं ताई. सुताराला फोटो पाठवतो.

स्नेहल: याच निमित्तानं विषय काढते. आपल्या सोसायटीच्या हॉलच्या कपाटांचं आणि बाकांचं कोटेशन मागच्या मीटिंगला पास होता होता राहिलं. ते सगळं एमडीएफ आणि फोमचं आहे. हॉलमध्ये बालवाडीची मुलं बसतात. बांबूचे बाक, केळीच्या धाग्याचे पडदे, भिंतींना प्राकृतिक पेंट असं काही करता येईल का? केळी आपल्याच जळगाव जिल्ह्याची. २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला म्हणून स्टेटस सगळ्यांनी ठेवलं होतं. रावेर-यावलला घड कापला की खोड बांधावर सडत पडतं, त्याच खोडातून धागा निघतो.

महाजन (सी-१०२): कोटेशन कुणाचं होतं ते पण लिहा.

वाणी शेठ: माझं होतं. लपवलं नाही मी. सगळ्यांसमोर दिलं होतं.

महाजन: मी काहीच म्हटलं नाही.

नाना: पंप रूमच्या मागे वाड्याचं सागवान पडेल शे. त्यानं काय करानं ते सांगा. दुसऱ्यांदा इचारतो.

जिभाऊ: स्नेहल ताई, प्राकृतिक पेंट म्हणजे तो शेणाचा ना?

स्नेहल: हो. खादी ग्रामोद्योगचा. १२ जानेवारी २०२१ ला गडकरींनी आणला तो. डिस्टेंपर आणि इमल्शन दोन्ही मिळतं. वास येत नाही.

जिभाऊ: माझी आजी आख्खं घर सारवायची तेव्हा आम्ही शहरातले नाकं मुरडायचो. आता डब्यात भरून आलं तर कोटेशन मागवतोय 😂

चौधरी काकू: सारवलेल्या जमिनीवर भर उन्हाळ्यात झोपून बघ, मग हस. आमच्या माहेरी धाब्याचं घर होतं, आत पाय ठेवला की गार. आणि गाद्या कापसाच्या. दर दोन-तीन वर्षांनी पिंजारी यायचा, त्याच कापसाची गादी पुन्हा नवी व्हायची. आता फोम बसला की कचऱ्यात. कपाशीच्या जिल्ह्यात राहून फोमवर झोपतो आपण.

महाजन: सगळे प्लॅस्टिकवर घसरण्याआधी सांगतो, हॉलमध्ये आज ज्या चटया आहेत त्या माझ्या युनिटमधून फुकट दिल्यात. एमआयडीसीत हजारो घरं चटईवर चालतात. आणि आमचा दाणा रिप्रोसेसचा असतो, नवा नाही. जुन्या प्लॅस्टिकचीच चटई होते. त्याला पर्यावरणाचं काम म्हणायचं नाही का?

स्नेहल: काका, चटईचं नावच नाही घेतलं मी.

महाजन: पडदे केळीचे म्हटलं की पुढं चटईच येते.

भावसार मॅडम: महाजन भाऊ, रिप्रोसेस चांगलंच. फक्त लहान मुलं ज्यावर लोळतात त्यात कसलं प्लॅस्टिक, कसला रंग मिसळलाय ते विचारणं पण चांगलंच.

महाजन: विचारा की. युनिटला या, चहा पाजतो.

वाणी शेठ: आणि माझं पण ऐका. प्लाय म्हणजे जंगलतोड असं डोक्यात बसलंय सगळ्यांच्या. हरियाणातल्या यमुनानगरचा प्लाय शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीचा. पाच-सात वर्षांत झाड तयार, शेतकऱ्याला पैसे. उलट भरीव सागवानी फर्निचर घ्या म्हणणाऱ्यांनी विचार करावा.

ताडवी सर (बी-१०३): शेठचं अर्धं बरोबर आहे. उभं सागवान तोडून नवं फर्निचर करू नये. नोकरीची बरीच वर्षं सातपुड्यात यावलच्या जंगलात काढलीत, म्हणून बोलतो. पण बांबूबद्दल एक. २०१७ च्या दुरुस्तीनं जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या भाषेत झाड राहिला नाही, त्यामुळे शेतातला बांबू तोडणं सोपं झालं. मात्र कोवळा बांबू किंवा पावसाळ्यात तोडलेला घेतला की त्यात साखर-पिष्ट जास्त, भुंगा लागलाच समजा. बाकांखाली पिवळा भुगा पडायला लागेल. तीन वर्षांवरचा, दिवाळीनंतर तोडलेला आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेलाच घ्या. विकणारा मुरवला म्हणतो, मुरवलेला नसतो. जुन्या बुरडाला दाखवून घ्या, तो हात लावून सांगतो.

स्नेहल: सर, एवढं मला पण माहीत नव्हतं. तुमच्या ओळखीचा कुणी आहे?

ताडवी सर: नवापूरकडे आहेत. विचारतो.

नाना: पंप रूमच्या मागे वाड्याचं सागवान पडेल शे. त्यानं काय करानं ते सांगा.

पवन: नाना, कॉपी-पेस्ट शिकले वाटतं 😄

नाना: नातवानं शिकाडं. उत्तर मियेपर्यंत टाकत राहीन.

पाटील साहेब: नाना, ते लाकूड जुनं, वाळवी लागलेलं आहे. भंगारवाल्याला विचारलं होतं.

ताडवी सर: पाटील साहेब, माफ करा. मी परवा पाण्याची मोटर बघायला गेलो तेव्हा सुरीनं टोचून पाहिलंय. तुळयांच्या बाहेरचं पांढरं लाकूड खाल्लंय, आतला गाभा ठणठणीत आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. इतकी वर्षं छपराखाली राहिलेलं लाकूड आता वाकणार नाही, फुटणार नाही. असं वाळलेलं सागवान आज पैसे देऊनही लवकर मिळत नाही. हॉलचे बाक आणि कपाटांच्या चौकटी त्यातच निघतील. डिंक नाही, वायू नाही, झाड तोडायचं नाही. फक्त मिलवाल्याला खिळे आधी काढून द्यावे लागतील, नाहीतर पातं तुटतं आणि तो आपल्याला शिव्या देतो.

चौधरी काकू: मग एवढे दिवस नाना काय वेगळं सांगत होते?

नाना: 🙏

वाणी शेठ: कापणी, रंधा, मजुरी धरली तर माझ्या कोटेशनपेक्षा महागच पडेल. लिहून देतो.

स्नेहल: पडेलही शेठ. पण पुन्हा दहा वर्षांनी कोटेशन मागवावं लागणार नाही. आणि कपाटांचे मागचे पल्ले ७१० प्लायचे करू, ते तुमच्याकडूनच.

वाणी शेठ: बघू.

जिभाऊ: ताडवी सर, तुळया किती दिसल्या तुम्हाला?

ताडवी सर: सहा.

नाना: दहा व्हत्या. वाडा पाडना तधय मी उभा व्हतो. बिल्डरनं दहा ठेवल्या, चार खांब वेगळे.

जिभाऊ: पाटील साहेब, सत्यनारायणाला आलो होतो ना आम्ही तुमच्याकडे. देवघर फार सुंदर झालंय हो. सागवानी आहे ना?

जिभाऊ: _हा मेसेज डिलीट केला आहे_

महाजन: वाचला आम्ही.

पाटील साहेब: देवघराची पावती आहे माझ्याकडे. कुणाला बघायची असेल त्यानं घरी यावं. पाच वर्षं विनामोबदला सेक्रेटरीपद सांभाळतोय, लाइट गेली तरी फोन मलाच, टँकर आला नाही तरी मलाच. त्याचं हे फळ.

भावसार मॅडम: साहेब, कुणी आरोप केलेला नाही. मोजून घेऊ, विषय संपेल.

चौधरी काकू: फळ वगैरे राहू द्या, पाटील. मोजायला काय हरकत?

पाटील साहेब: हरकत कशाला असेल. रविवारी सकाळी या सगळे.

महाजन: रविवारी टाकी धुवायची आहे, तिथं पाणीच पाणी असेल. लाकूड भिजेल. शनिवारी करा. माझे दोन माणसं पाठवतो उचलायला.

ताडवी सर: शनिवारी सात वाजता. ऊन चढायच्या आत. टेप मी आणतो. चुन्यानं नंबर टाकून, फोटो काढून ग्रुपवर टाकू.

स्नेहल: मी लांबी-जाडी लिहून घेते. त्यावरून किती बाक निघतात ते काढते.

पवन: माझा सुतार खिळे काढायला देतो अर्धा दिवस. माझ्याकडून. काकू, तेवढा वेळ तुमच्याकडे आवाज पण नाही.

चौधरी काकू: बरं. पत्रिका मात्र हातात आणून दे, मोबाईलवर नको.

नाना: शेडची चावी कोणाकडे शे?

पाटील साहेब: माझ्याकडे. पावणेसातला खाली येतो.

जिभाऊ: चहा कुणाकडे? पवनकडे किचन फोडलंय.

वाणी शेठ: माझ्याकडे. बिस्किटं ज्यानं त्यानं आणावीत.